नंतरचा फोटो

ताई एक्स-रे काढायची. चोवीस वर्षं एकाच रुग्णालयात, तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. त्या कामाचा पहिला नियम असा, की फोटो आपण काढायचा आणि बघायचा डॉक्टरांनी. पेशंट शर्टाची बटणं लावता लावता विचारतो, "ताई, काही निघालं का हो?" आणि ताई म्हणते, "डॉक्टर सांगतील." समोर हाडाचे दोन तुकडे ढळढळीत दिसत असले तरी. हे वाक्य तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की धाकटा भाऊ बेपत्ता झाल्यावर शेजारीण चौकशीला आली तेव्हा तिलाही ताईने "डॉक्टर सांगतील" म्हणून टाकलं. शेजारीण बिचारी चहा न घेताच गेली.

धाकट्याला एकच वेड होतं. मोटरसायकलला तंबू बांधायचा आणि जिथे रस्ता संपतो, हॉटेल नाही, दिवा नाही, अशा किनाऱ्यावर जाऊन एक रात्र राहायचं. पण राहायचं ते नियमाने. शेकोटी नाही. तंबूखालचे टोचणारे दगड उचलले तर सकाळी ज्याचे त्याच्या जागी परत, उन्हाने काळवंडलेली बाजू वर करून. खुंट्यांची भोकं बुजवायची, आणि कचरा, अगदी काडेपेटीची जळकी काडीसुद्धा, पिशवीत भरून घरी आणायची. "पाहुण्यासारखं जायचं आणि चोरासारखं निघायचं," तो म्हणायचा. आई कपाळाला हात लावायची. "लोक गावाला जातात तर काही भेट आणतात. आमचा दिवटा कचरा आणतो."

प्रत्येक जागेचे तो दोन फोटो काढायचा, एकाच ठिकाणी उभं राहून, समुद्राकडे तोंड करून. पोचल्यावर तंबू ठोकायच्या आत एक, तो आधीचा. सकाळी सगळं आवरून निघताना एक, तो नंतरचा. दोन्ही तंतोतंत सारखे आले की स्वारी खूश. जागा कळली की गर्दी होते म्हणून फोटोंवरचं ठिकाण आणि वेळ तो पुसून टाकायचा. रेंज मिळाली की फोटो आपोआप घरच्या टॅबवर यायचे आणि आई ते जेवताना बघायची. "दोन्हीत काय फरक आहे रे?" ती विचारायची. "काहीच नाही, तेच तर," तो म्हणायचा.

शेवटच्या फेरीत त्याने नकाशावर पेन्सिलीने बारा ठिपके काढले होते. अकरा जागांचे अकरा जोड आले. बाराव्या जागेचा एकच फोटो आला, आणि त्यानंतर पाच महिने काहीच नाही.

पोलीस जाऊन आले. तपास करणारा साहेब सज्जन होता, त्याने ताईला खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, तिथे काहीही नाही. फोटोत आहे तसाच किनारा आहे. ते पोचले, आधीचा फोटो काढला आणि पोहायला गेले असणार."

"आणि मोटरसायकल?" ताईने विचारलं. "तीही पोहायला गेली का?"

साहेबाने फाइलची दोरी बांधली. एखादी तरी वस्तू मिळाली असती, तो म्हणाला, तर पुढे काही करता आलं असतं.

आईचंही तेच. ती आता रडत नव्हती, फक्त मागत होती. "त्याची टोपी आण. चप्पल आण. काहीही आण, पण तो तिथे होता असं सांगणारं काहीतरी आण गं." ज्याने जन्मभर मागे काही सोडायचं नाही याचा ध्यास घेतला, त्याची खूण शोधायची होती. ताईला यावर हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू तरी. काहीच येत नव्हतं. एक्स-रे काढताना शिशाचा जो जड एप्रन घालतात, तो कोणीतरी तिला घालून सोडवायचं विसरून गेलं होतं. त्यातून आरपार काही जात नव्हतं, आत नाही आणि बाहेरही नाही.

तिने रजा काढली. मोटरसायकल चालवायला तिला धाकट्यानेच शिकवलं होतं, चाळिशी उलटल्यावर, आईच्या शिव्या खात. त्याच्याच ठिपक्यांवरून ती निघाली. अकरा जागांवर अकरा रात्री राहिली, त्याच्याच नियमाने, आणि आधीचा-नंतरचा असे फोटोही काढले. का, ते तिला सांगता आलं नसतं. अकराही जागा स्वच्छ होत्या. कुठे काही सापडलं नाही.

बाराव्या जागेच्या अलीकडे रस्ता एका टपरीपाशी संपत होता. तिथे एक म्हातारा बाटल्यांतून पेट्रोल विकत होता. ताईने धाकट्याचा फोटो पुढे केला.

"हो, हा आला होता की. पोलिसांनाही सांगितलं मी," पेट्रोलवाला म्हणाला. "गुणी पोरगा. माझ्या दारातले रॅपर उचलून पिशवीत घातले. मला लाजच वाटली."

"परत येताना दिसला नाही?"

"दिसला नाही. ऐकला." त्याने फडक्याला हात पुसले. "सकाळी गाडी चालू केली, ती वर चढत आली. त्या वळणापर्यंत आली. तिथेच फक्त फोनला रेंज लागते. मी म्हटलं, याला पेट्रोल लागणार, म्हणून बाटली घेऊन उभा राहिलो. आवाज अगदी इथवर आला हो. गाडी नाही आली."

"मग आवाज बंद पडला?"

"नाही ना. पुढे गेला." त्याने टपरीच्या मागच्या रस्त्याकडे हात केला, ज्या रस्त्याने ताई आत्ताच आली होती. मग बराच वेळ तो बाटलीचं बूच घट्ट करत राहिला. "तुम्ही एकट्याच आहात? मग राहू नका. बघा आणि या."

ताई राहणार होती. पायवाटेसारख्या उतारावरून ती पहिल्या गिअरमध्ये खाली उतरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

किनारा लहान होता. दोन बाजूंना कातळ, मध्ये गोट्यांची पट्टी आणि पुढे वाळू. फोटोतला चपटा दगड तिला लगेच सापडला. त्यावर उभं राहून तिने फोन डोळ्यासमोर धरला. सगळं जुळलं, गोट्यांच्या जागासुद्धा जुळल्या. पाच महिन्यांत इथे वादळं झाली होती, भरती-ओहोटी तर रोजचीच, आणि एक गोटा इकडचा तिकडे झाला नव्हता.

तिने आधीचा फोटो काढला. मग एकेक गोष्ट तिच्या लक्षात यायला लागली. भरतीची रेघ कुठेच नव्हती. शेवाळाची एक दोरी नाही, शिंपल्याचा तुकडा नाही. खेकड्यांची बिळं नव्हती, पक्ष्यांचे पाय उमटलेले नव्हते. खोलीत केर काढल्यावर कसं दिसतं, तसं होतं. पाण्याच्या कडेला जाऊन तिने तोंड धुतलं आणि ती वळली, तर वाळूवर तिची येतानाची पावलंही नव्हती. वारा असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. वारा नव्हता.

तंबू ठोकून झाल्यावर तिने एक बेशिस्तपणा केला. आठ गोटे वेचले, पांढरी बाजू वर करून एका ओळीत मांडले आणि म्हणाली, "घे. आवर आता." कोणाला म्हणाली कोण जाणे. तिला थोडा राग आला होता, आणि पाच महिन्यांनी काहीतरी आलं म्हणून बरंही वाटलं.

सूर्य समुद्रात उतरत होता. बिस्किटं खात ती फोनवर स्वतःचा आधीचा फोटो आणि धाकट्याचा एकुलता एक फोटो आळीपाळीने बघत बसली. जुनी प्लेट आणि नवी प्लेट शेजारी लावायची, हे तिचं रोजचंच काम. फरक बघायचा नाही, असा नियम होता. इथे डॉक्टर नव्हते.

फरक होता. तिच्या फोटोत गोट्यांच्या सावल्या तिच्याकडे पडल्या होत्या. ऊन समुद्राकडून आल्यावर तसंच होणार. धाकट्याच्या फोटोत त्या समुद्राकडे पडल्या होत्या. म्हणजे ऊन जमिनीकडून आलेलं, म्हणजे सकाळ. हा आधीचा फोटो नव्हताच. हा नंतरचा होता. पोचेपर्यंत अंधार पडला असणार, म्हणून आधीचा काढलाच नव्हता. तो इथे रात्रभर राहिला होता, उठला होता, त्याने सगळं आवरलं होतं आणि मग फोटो काढला होता. तो बुडाला नव्हता.

मग तिने त्याच्या बाकीच्या अकरा जागांचे नंतरचे फोटो फोनवर उघडले. सकाळी ऊन पाठीशी असतं, त्यामुळे फोटो काढणाऱ्याची सावली पुढ्यात पडते. अकराही फोटोंत खालच्या कडेला ती होती, लांबलचक, माणसाची. आजवर कोणी बघितली नाही, कारण बघायचा तो किनारा.

बाराव्यात ती नव्हती. गोट्यांच्या सावल्या होत्या, काढणाऱ्याची नव्हती. फोटो काढायला कोणीतरी उभं असायला हवं होतं.

ताईने फोन उलटा ठेवला, तंबूची चेन लावली आणि ती झोपली. भीती वाटली का, तर नाही. एप्रन होताच.

सकाळी उन्हानेच जाग आली. तंबूबाहेर तिचे बूट जोडीने ठेवलेले होते. काल तिने ते कसेही भिरकावले होते. तिने एक उचलून उलटा केला. तळाच्या खाचांमधून वाळूचा कण न् कण काढलेला होता.

आठ गोट्यांची ओळ नव्हती. गोटे आपापल्या जागी होते, काळी बाजू वर.

तिने भराभरा आवरलं. खुंट्या उपटल्या आणि बघितलं, तर भोकं आधीच बुजलेली. पिशवीची गाठ मारली. सामान बांधलं, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि ती दगडावर जाऊन उभी राहिली.

नंतरचा फोटो काढला. उन्हाच्या तिरिपीत स्क्रीनवर काही दिसत नव्हतं. काढायचं काम झालं, बघू नंतर, असं म्हणत तिने फोन खिशात टाकला.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. चढावर तिला दोनदा वाटलं, की गाडी जड आहे, मागे कोणी बसल्यासारखी. तिने वळून बघितलं नाही. पेट्रोलवाल्याने सांगितलेल्या वळणावर खिशात फोन थरथरला. रेंज आली होती, फोटो गेले होते. तिने गाडी लावली, हेल्मेट परत आरशाला अडकवलं आणि ती खाली उतरली.

दोन मिनिटांत आईचा फोन आला.

"मिळाले गं फोटो," आई म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. पाच महिन्यांनी आई रडत होती. "आणलंस बाई. मी टोपी मागत होते, तू तर त्यालाच आणलंस."

"कोणाला?"

"कोणाला काय? नंतरच्या फोटोत खाली केवढी सावली आहे. डावा खांदा उतरलेला, सायकलवरून पडला होता तेव्हापासूनचा. आणि हेल्मेट काखेत. मी पोटात वाढवलंय त्याला, मला कळणार नाही?"

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो आहे ना तिथे? फोन दे त्याच्याकडे."

"आई, मी एकटी आहे."

"मग फोटो कोणी काढला?"

"मी."

पलीकडे आईने नाक पुसलं. टॅब जवळ ओढल्याचा आवाज आला.

"तू काढलास," आई हळूच म्हणाली, "तर मग तुझी सावली कुठे आहे?"

ऊन चांगलं वर आलं होतं, पाठीवर लागत होतं. समोर रस्त्यावर मोटरसायकलची सावली पडली होती, दोन्ही आरशांसकट, त्यातल्या एकाला अडकवलेल्या हेल्मेटसकट. ताईने फोन कानाला तसाच धरून ठेवला. ती त्या हेल्मेटच्या सावलीकडे बघत राहिली. स्वतःच्या पायांकडे तिने बघितलं नाही.