वचन दाखवा, बाबा

"मी प्रार्थना करीन," सासरे म्हणाले, आणि जे शब्द तिने कधीकाळी पाया पडून मागितले होते ते असे सहज, दुसऱ्याच बाळासाठी उच्चारले गेलेले ऐकून पाण्याचा पेला घेऊन आत निघालेली सून दारातच थांबली...

आत नणंद भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचं बाळ पहाटेच, बाप्तिस्मा होण्याआधी, गेलं होतं. अंगणात सुतार असलेला नवरा भाच्यासाठी लहानशी पेटी घडवत होता. तशीच पेटी त्याने पूर्वी एकदा केली होती, स्वतःच्या मुलासाठी. तेव्हा चर्चच्या मंडळीचे पाळक असलेल्या याच सासऱ्यांनी सांगितलं होतं, "बाप्तिस्मा नाही, तर दफनाची प्रार्थनाही नाही. शास्त्र तसं सांगतं." ती बाळंतपणाच्या अंथरुणावर असतानाच ते मूल दफनभूमीच्या भिंतीबाहेर मुकाट पुरलं गेलं. तिने सोसलं. शास्त्रापुढे आईचं काय चालणार? पुढे सासऱ्यांची दृष्टी मंदावली, तेव्हा रोज सकाळी त्यांना शास्त्र वाचून दाखवण्याचं कामही तिनेच पत्करलं होतं.

"त्या वेळी तर मनाई होती, बाबा," ती हळूच म्हणाली.

"लेकरू आहे गं ते. माझं मन सांगतं, देव त्याला लोटणार नाही."

मन! या घरात कुणी 'मला वाटतं' म्हटलं, की सासरे हातातला घास थांबवून विचारत, "वचन दाखव. शास्त्रात कुठे लिहिलंय?" नवरा थट्टेने म्हणायचा, आमच्याकडे चहात साखर कमी आहे म्हणायलाही अध्याय लागतो.

"वचन दाखवा, बाबा."

अंगणातला रंधा थांबला.

"आजच्या दिवशी वाद घालतेस?" सासरे म्हणाले. "माझ्या लेकीला मिळतंय ते तुला सलतं का?"

"नाही. वन्संच्या बाळाला प्रार्थना मिळायलाच हवी. पण ती तुमच्या मनाने दिलीत, तर ती त्याच्यापुरतीच. शास्त्रातून दिलीत तर... तर ती माझ्याही बाळाची होती. एवढंच मला कळू द्या."

सासऱ्यांनी शास्त्राच्या ग्रंथाकडे हात केला. मग ते म्हणाले, "आण. वाच."

ती वाचत गेली. बाप्तिस्म्याविषयीची एकेक जागा ते मुखोद्गत सांगत होते आणि ती पान उघडत होती. आयांनी आणलेली लेकरं शिष्यांनी अडवली आणि प्रभू त्या शिष्यांवरच रागावला, ते आलं. तान्हं मूल गेल्यावर 'तो माझ्याकडे येणार नाही, पण मी त्याच्याकडे जाईन' असं म्हणणारा तो शोकाकुल राजाही आला.

"आता ती जागा सांगा, बाबा. जिथे मनाई आहे."

त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"माझे वडील सांगायचे," अखेर ते म्हणाले. "त्यांना त्यांच्या पाळकांनी सांगितलेलं... मी कधी उघडून पाहिलंच नाही. सगळ्या जगाला वचन विचारत हिंडलो."

"मग ते काय होतं?"

"मत. माणसाचं मत, सूनबाई... आणि त्याखाली मी देवाची सही ठोकली."

तिला वाटलं होतं, हे ऐकून छातीवरचा धोंडा उतरेल. पण इतकी वर्षं निदान देवाने नाकारलं, अशी एक भयंकर समजूत तरी उराशी होती. आता कळत होतं की नाकारलं कुणीच नव्हतं, फक्त कुणी पान उलटलं नव्हतं.

दुपारी दफनभूमीत, नातवाच्या पेटीवर माती पडल्यावर, सासरे सगळ्या मंडळीपुढे उभे राहिले. "भिंतीबाहेर मी लेकरं पाठवली," ते म्हणाले. "ते शास्त्र नव्हतं. ते माझं मत होतं." मग सुनेचा खांदा धरून ते फाटकाबाहेर आले.

"कुठे आहे ते, सूनबाई?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. गुडघाभर गवतावरून नजर फिरवत तो पुटपुटला, "खूण ठेवू दिली नव्हती ना, बाबा... या कोपऱ्यापासून त्या झाडापर्यंत, कुठेतरी."

म्हाताऱ्याने एक तळवा भिंतीला टेकवला आणि प्रार्थना म्हणत तो चालू लागला, सबंध भिंतीच्या कडेने, कुठेच न थांबता. आणि कोणत्या पावलापाशी आपलं बाळ आहे हे ठाऊक नसल्यामुळे ती प्रत्येक पावलापाशी रडत गेली.