डिस्टंट सिग्नलची हरकत

"भैया, ये कौन-सी पार्टी का निशान है?"

जिलेबीवाल्याने झारा कढईच्या काठावर टेकवला आणि समोरच्या तरुणाच्या टी-शर्टाकडे बोट दाखवलं. काळ्या कापडावर एक पांढरं अक्षर होतं, वाकून उभ्या राहिलेल्या काठीसारखं. निवडणूक तोंडावर आली होती, बडा फुहारा चौकाच्या चारही बाजूंना पताका फडफडत होत्या, त्यामुळे त्याचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

"पार्टी नहीं है भैया... ये ग्रीक अक्षर है—"

"पार्टीच आहे," मागे उभी असलेली समिधा पुटपुटायला गेली आणि चांगलं मोठ्यांदा बोलून बसली. आता बोललोच आहोत तर पुरतं बोलावं, म्हणून तिने जिलेबीवाल्याला सांगितलं, "बहुत छोटी पार्टी है. पूरे जबलपुर में दो ही वोटर होंगे."

तरुण गर्रकन वळला. हातातल्या द्रोणातला पाक हिंदकळून त्याच्या बोटांवर आला, पण त्याला त्याचं भान नव्हतं.

"तुम्हाला... हे कळलं?"

"लॅम्डा आहे ना? हास्केलवाले लावून फिरतात."

"आणि तुम्ही मराठी!"

"त्याचं जास्त आश्चर्य वाटून राहिलं की हास्केलचं?"

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागून यायचे... हे समिधाने उगाचच टिपून ठेवलं. आईच्या ब्लाउजचं अस्तर घ्यायला ती बाजारात आली होती आणि ते अस्तर कोणत्या रंगाचं होतं हे तिला त्या क्षणी आठवत नव्हतं.

हास्केल ही संगणकाची भाषा. तिच्यात प्रोग्रॅम म्हणजे एकामागून एक सोडलेले हुकूम नसतात. गणितातल्यासारखी एकात एक गुंफलेली सूत्रं असतात. तिच्या वाटेला फारसं कुणी जात नाही, पण जो जातो तो वेडाच होतो. समिधा बंगळूरच्या एका कंपनीचं काम इथल्या दीक्षितपुऱ्यातल्या घरी बसून करायची आणि उरलेला वेळ या वेडात घालवायची. हा तरुण, गौरांग, रेल्वेत होता, सिग्नल विभागात. त्याचे आजोबा वर्ध्याहून नोकरीसाठी इकडे आले ते इकडचेच झाले.

"मग तुम्ही फोरमवर असालच?" गौरांगने विचारलं. जगभरातले हास्केलवाले जिथे जमून वाद घालतात ती ही चावडी.

"अधूनमधून वाचते," समिधा आपल्या द्रोणातली जिलेबी तोंडात टाकत म्हणाली.

"मग मार्बलला ओळखत असाल! इटलीचा खडूस म्हातारा. काय हट्टी माणूस आहे जी! मी परवाच त्याला लिहिलं, सिग्नल हिरवा दाखवला आणि पुढचा रूळच उखडलेला निघाला, तर दोष ड्रायव्हरचा की सिग्नलचा?"

खव्याची जिलेबी समिधाच्या घशाशी अडकली.

ते वाक्य तिला पाठ होतं. त्या वाक्याने तिची अख्खी सकाळ नासवली होती. 'डिस्टंट सिग्नल' या नावाने लिहिणारा तो माणूस तिने स्कॉटलंडचा, टक्कल पडलेला, पाइप ओढणारा प्राध्यापक कल्पिला होता... आणि तो इथे बोटं चाटत उभा होता!

आणि भेडाघाटच्या संगमरवरावरून स्वतःचं नाव मार्बल ठेवणारी मुलगी त्याच्यापासून हातभर अंतरावर खोकत होती.

"पाणी देऊ?"

"नको," ती कशीबशी म्हणाली. "हा मार्बल... इतका वाईट आहे?"

गौरांग जरा थांबला. "वाईट नाही. खरं सांगू? फोरम उघडला की मी आधी त्याचंच नाव शोधतो."

समिधाचे कान तापले. थंडीचे दिवस असूनसुद्धा.

"पार्टीची एक सभा घ्यायला पाहिजे," तो म्हणाला. "दोन वोटर असले तरी."

"रविवारी. ग्वारीघाट. चार वाजता," ती म्हणाली आणि त्याने होकार द्यायच्या आत गर्दीत शिरली. अस्तर विसरून.

*

रविवारी नावेत बसेपर्यंत तिने दम धरला. नर्मदेवर कोवळं ऊन पसरलं होतं, पलीकडच्या गुरुद्वाऱ्याचं प्रतिबिंब पाण्यावर थरथरत होतं. नाव मधोमध आली, पळायला जागा उरली नाही, तेव्हा ती म्हणाली, "तो इटालियन म्हातारा—"

"त्याचं काय?"

"तो इटालियन नाही. म्हातारा नाही. आणि... तो पण नाही."

गौरांगने तिच्याकडे बघितलं. एकदा, आणि मग पुन्हा. मग तो ताडकन उभा राहिला आणि नाव अशी कलंडली की नावाडी ओरडला, "बैठ जाओ भैया! नहाना है तो घाट पे नहाओ!"

"तुम्ही? तू?" तो धपकन खाली बसला. "आणि मी तुला खडूस..."

"हट्टी पण."

"हट्टी तर आहेसच," तो म्हणाला. दोघं इतके हसले की नावाडीही वल्हं थांबवून हसू लागला, काही न कळता.

मग भेटी होत गेल्या. कधी सदर बाजारात कॉफी, कधी मदनमहालच्या टेकडीवर संध्याकाळ. तो रेल्वेच्या गोष्टी सांगायचा, की डिस्टंट सिग्नल म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ खबर देणारा सिग्नल, की सिग्नलच्या कामात 'बहुतेक बरोबर' याला अर्थच नसतो. ती त्याची मराठी सुधारायची, तो तिची. दोघांचीही मध्येच हिंदीत घसरायची. रस्ता ओलांडताना तो न बोलता गाड्यांच्या बाजूला यायचा. या सगळ्याला काय म्हणायचं ते मात्र कुणीच म्हटलं नव्हतं.

फोरमवरचा वाद चालूच होता. वाद होता समिधाच्या प्रस्तावाचा. नवशिक्याने हास्केलमध्ये चूक केली की पडद्यावर असा लांबलचक संदेश येतो की माणूस घाबरून पळून जातो. तीही एकदा पळणार होती. शिकणाऱ्यांसाठी फोरमच्या मंडळींनी एक छोटं साधन बनवलं होतं. त्यात हा संदेश एका सोप्या ओळीत दाखवायचा आणि बाकीचा लपवायचा, असं तिने सुचवलं होतं आणि तसा नमुनाही बनवून ठेवला होता. डिस्टंट सिग्नलचं म्हणणं होतं की सोपी ओळ चुकीची निघाली तर शिकणारा आणखी भरकटेल.

आणि एका दुपारी फोरमवर त्याची ओळ उमटली : मार्बलचं म्हणणं पटलं. माझी हरकत मागे घेतो.

खाली अभिनंदनांची रांग लागली. समिधाला आनंद झाला... चहा उकळेपर्यंत टिकला. मग तिने ती ओळ पुन्हा वाचली. तिच्यात एकही मुद्दा नव्हता.

*

"काहून मागे घेतलीस?"

कॉफी हाउसात तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती.

"पटलं म्हणून," गौरांग म्हणाला.

"काय पटलं? सांग. एक मुद्दा सांग."

तो चमचा फिरवत राहिला. कपात साखर नव्हतीच.

"तू नाराज होशील वाटलं," शेवटी तो म्हणाला. "इतकी मेहनत करून राहिलीस. म्हटलं... जाऊ दे ना यार."

"मी आत्ता नाराज आहे, गौरांग!" शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. तिने आवाज खाली आणला. "कंपनीत मी काहीही केलं तरी सगळे 'छान छान' म्हणतात. तू एकटा होतास जो माझं प्रत्येक वाक्य वाचायचास. चिडून का होईना, वाचायचास. मला त्या माणसाची ओढ लागली होती. आता तू मला भेटतोस आणि वाचत नाहीस."

"समिधा, ऐक तर—"

"शनिवारी फोरमची सभा आहे, निर्णयाची. हरकत असेल तर तिथे सांग, सगळ्यांसमोर. नसेल तर... नसेल तर मला फोन करू नकोस."

ती बाहेर आली तेव्हा रस्त्यावरची ऊन पडलेली बाजूसुद्धा गार लागत होती.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही, संदेशही नाही. ती दिवसातून कितीदा तरी फोन उलटा ठेवायची आणि पुन्हा सुलटा करायची. आईने विचारलं, "काय झालं गं तुला?" तर ती म्हणे, "काही नाही, काम आहे."

*

शनिवारी संध्याकाळी पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी उघडल्या. कुठे सकाळ, कुठे दुपार, कुणाच्या मांडीवर मांजर. इंग्रजीतली ही सभा चालवायला एक डच बाई होती, शांत, चष्मेवाली. समिधाने प्रस्ताव मांडला. एका काळ्या चौकटीवर 'डिस्टंट सिग्नल' लिहिलेलं होतं. तिकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि ती तिकडेच बघत होती.

"कुणाची हरकत?" डच बाईने विचारलं.

कुणी बोलेना. डच बाई निर्णय लिहून घ्यायला वाकली.

"माझी आहे."

त्याचा आवाज! पाठीमागे स्कूटरचा हॉर्न, भांड्यांची खणखण.

"हा प्रस्ताव मला अर्धा फार आवडतो," तो म्हणाला. "उरलेला अर्धा धोक्याचा आहे. मी हरकत मागे घेतली होती, तो माझा भित्रेपणा होता." या आठवड्यात त्याने ऑफिसातल्या नव्या पोरांना हास्केल लिहायला बसवलं होतं. त्यांच्या खऱ्याखुऱ्या चुका समिधाच्या नमुन्यातून एकेक करून काढल्या होत्या. त्याने त्या पडद्यावर दाखवल्या. सोपी ओळ बऱ्याचदा भलत्याच जागी बोट दाखवत होती. चूक तिथे नव्हतीच, ती पुढे होती. "यातला एक जण दुपारभर बरोबर ओळच दुरुस्त करत बसला आणि शेवटी म्हणाला, माझ्याने हे होणार नाही. मार्बल अशाच माणसाला वाचवायला निघाली आहे."

समिधाचा चेहरा जळत होता. जगासमोर चूक निघाली होती, आणि चूक खरी होती! पण त्याच वेळी आत कुठेतरी ढोल वाजायला लागले होते. त्याने सगळं वाचलं होतं. तिने प्रस्तावाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेल्या टिपासुद्धा.

"मार्बल, तुम्हाला काही बोलायचंय?"

"हो." ती बोलू लागली आणि बोलता बोलताच तिला सुचत गेलं. "तो बरोबर आहे. सोपी ओळ खात्री असल्याचं सोंग करते. मग तिला सोंग करू द्यायला नको. जिथे खात्री नाही तिथे तिनेच सांगावं — चूक बहुधा इथे आहे, पण मला नक्की माहीत नाही, पूर्ण संदेश खाली वाचा. आणि तो लपवायचा नाही, फक्त खाली ठेवायचा."

मग काळ्या चौकटीतून, "असं असेल तर माझी हरकत नाही. या वेळी अगदी मनापासून सांगतो."

चौकटींतून टाळ्या, अंगठे, कुणाची तरी शिट्टी. आणि त्या गलक्यात डिस्टंट सिग्नलच्या मागून एक आवाज आला, "भैया, अदरक थोड़ी और डालूँ?"

समिधा खुर्चीतून उठली. हा आवाज ती रोज सकाळी अंथरुणातून ऐकायची. हा श्यामसुंदर होता. तिच्याच घराखाली चहाची टपरी टाकणारा!

तिने ओढणी घेतली, चपला घातल्या की नाही तिला कळलं नाही, आणि जिना उतरली.

तो टपरीच्या बाकावर बसला होता. एका हातात फोन, दुसऱ्यात मातीचं कुल्हड. तिला बघून उठला.

"इथे काय करून राहिलास?"

"म्हटलं, बोलल्यावर तू भांडायला बोलावशीलच," तो म्हणाला. "रेल्वे क्वार्टरहून यायला वेळ लागला असता. म्हणून आधीच आलो."

"आणि मी नसतं बोलावलं तर?"

"तर... चहा पिऊन गेलो असतो." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "समिधा, मी घाबरलो होतो. वाटलं, मी विरोध केला तर तू जाशील. हे नाही समजलं की त्याच्याचसाठी तू येऊन राहिली होतीस."

"नुसतं त्याच्याचसाठी नाही."

"मग?"

टपरीवरचा स्टोव्ह फुरफुरत होता. श्यामसुंदर पाठ फिरवून भांडं घासत होता, इतकं की त्याला भोक पडेल. समिधाने श्वास घेतला.

"तू हसतोस ना... आधी डोळे हसतात. त्याच्यासाठी पण. रस्त्यावर गाड्यांच्या बाजूला येतोस, त्याच्यासाठी. मला तू आवडतोस, गौरांग. भांडणारा आवडतोस. आयुष्यभर माझ्याशी भांडशील?"

कुल्हड त्याच्या हातातून सुटलं आणि फुटलं.

"मीच विचारणार होतो," तो पुटपुटला. "आठवडाभर वाक्य जुळवून राहिलो होतो. तू नेहमी आधी—"

"मग उत्तर तरी आधी दे!"

"हो. हो ना! कधीपासून हो..." तो म्हणाला आणि तिचा हात धरला. त्याच्या हाताला आल्याचा वास होता, तो गरम होता.

तेवढ्यात त्याच्या दुसऱ्या हातातला फोन बोलला. डच बाईचा शांत आवाज होता, "डिस्टंट सिग्नल, तुमचा माइक चालू आहे. आम्हा कुणालाच ही भाषा येत नाही, पण फार ठासून चाललंय. नोंद करायची म्हणून विचारते, ही नवी हरकत आहे की संमती?"

गौरांगचा चेहरा पांढराफटक पडला. समिधाने त्याच्या हातातून फोन घेतला.

"संमती," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंची."

मग जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून जो जल्लोष उसळला, तो ऐकून श्यामसुंदरनेही अखेर मान वळवली. गॅलरीतून आई वाकून बघत होती.

"समिधा! त्याला गल्लीत काहून उभं केलं? वर आण. मटार सोलायला हात कमी पडून राहिले."

"आई, हा गौरांग," समिधाने वर बघून ओरडून सांगितलं. हात तिने सोडला नव्हता.

"दिसून राहिलं मला," आई म्हणाली. "पायात चप्पल घाल आधी."