तिसऱ्या चौकटीतली मावशी

माझं काम सांगितलं की लोक जांभई देतात. कार्यालयांना लागणारे फॉर्म मी संगणकावर तयार करते. खरं तर फॉर्म नव्हे, फॉर्मचा साचा. साचा एकदा नीट जमला की त्यातून हवे तितके फॉर्म काढता येतात, विटांसारखे. साच्यात खोट राहिली तर ती प्रत्येक विटेत उतरते. म्हणून साचा पक्का करण्याआधी त्यात खोटी माहिती भरून तो तपासायचा आणि मग ती माहिती आठवणीनं पुसायची.

माझे सहकारी अशा वेळी 'अबक' लिहून मोकळे होतात. मला तो आळशीपणा वाटतो. मी त्यासाठी एक अख्खी बाईच तयार केली होती. वय बेचाळीस, डावखुरी, धुळीची ॲलर्जी. फोनच्या जागी सगळी शून्यं. पत्ता आमच्याच इमारतीचा, पण मजला पाचवा. इमारत चार मजल्यांची आहे आणि चौथ्यावर आम्ही राहतो, तेव्हा चुकून काही पाठवलं गेलंच तरी ते कुणाच्या दारात पडणार नव्हतं. ऑफिसात सगळे तिला नमुनाबाई म्हणायचे. शेजारच्या टेबलावरचा तपासनीस तर रोज सकाळी विचारायचा, "काय म्हणतात तुमच्या बाई? तब्येत बरी आहे ना?"

माझी मुलगी ठकी साडेचार वर्षांची. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेचसे महिने समुद्रात. त्यामुळे ठकी दिवसभर पाळणाघरात आणि माझा अर्धा जीव तिच्यात. त्या पाळणाघरानं आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा मीच हौसेनं पुढे झाले. मुलाला घरी कोण नेऊ शकतं, याचा फॉर्म त्यांना हवा होता. तीन चौकटी, प्रत्येकीत नाव, नातं, फोन आणि फोटो. फोटो लावलेला नसेल तिथे डोकं आणि खांदे एवढीच राखाडी आकृती. तिसऱ्या चौकटीत मी सवयीनं नमुनाबाई भरली, नात्यापुढे 'मावशी' लिहिलं, सगळं तपासलं आणि साचा पक्का केला. तिला पुसायची मात्र विसरले.

दोन दिवसांनी पाळणाघरातल्या ताईंचा फोन आला. "अहो, सगळ्या मुलांना एकच मावशी कशी?"

त्या हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी साचा दुरुस्त केला आणि तोवर भरलेले फॉर्म एकेक उघडून तिला काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती परत होती. फक्त ठकीच्या फॉर्ममध्ये.

मी काढली, ती पुन्हा आली. मग माझं लक्ष आकृतीकडे गेलं. बाकीच्या राखाडी आकृत्यांची डोकी अंड्यासारखी गुळगुळीत असतात. हिच्या मानेवर अंबाडा होता.

"चेष्टेला काही मर्यादा असते," मी तपासनिसावर उखडले. "माझ्या मुलीचा फॉर्म आहे तो."

"मी कशाला हात लावू?" त्याचा चेहराच उतरला. तो उठून माझ्या स्क्रीनपाशी आला. "आणि हा नंबर कुणाचा?"

शून्यं गेली होती. तिथे चांगला खरा वाटावा असा नंबर होता. मी तो लावला. एकदाच वाजला आणि कुणीतरी उचलला. पलीकडून शब्द आला नाही. एका बाईची शिंक ऐकू आली, मग दुसरी. मी फोन ठेवून दिला.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बिघडलेल्या साच्यांवर आहे. जुना साचा मुळापासून उडवून मी नवा केला, त्यात दोनच चौकटी ठेवल्या आणि तपासताना मुकाट्यानं 'अबक' लिहिलं. ठकीच्या फॉर्मवर आता पहिल्या चौकटीत खांद्यापर्यंत केस कापलेली मी आणि दुसरीत गणवेशातला नवरा. पुढचा आठवडा काहीच झालं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मग एका संध्याकाळी गिऱ्हाइकाबरोबरची मीटिंग लांबली. मी धापा टाकत पाळणाघरात पोचले, तर ताई एकट्याच खेळणी पुसत बसल्या होत्या.

"ठकी कुठाय?"

"नेली की मघाशीच. मावशी आल्या होत्या."

"मला बहीण नाही, ताई."

त्यांचा हात थांबला. "असं कसं? फॉर्मवर आहेत त्या. मी फोटोशी चेहरा ताडून पाहिला, सही घेतली. डाव्या हातानं केली, म्हणून लक्षात राहिलं."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिसरी चौकट होती. तिच्यात फोटो होता. अंबाडा, चाळिशीचा साधा चेहरा, मागे आमच्या जिन्याची हिरवी भिंत.

मी धावत सुटले.

ठकी आमच्या दारासमोर पायपुसण्यावर बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. मी तिला कवटाळलं, हातपाय चाचपून पाहिले आणि तिथेच रडायला लागले.

"कुठे गेली ती?"

ठकीनं वर बोट दाखवलं.

जिना आमच्या मजल्यावर संपतो. वर छत आहे.

"तिला खूप शिंका येत होत्या," ठकी म्हणाली. "उद्या पण तीच येणार आहे मला न्यायला."

मी दाराला आतून कडी घातली आणि ठकीला मांडीवर घेऊन ताईंना फोन लावला. नीट, एकेक शब्द तोडून सांगितलं. "उद्यापासून आईशिवाय कुणाच्याही हातात तिला द्यायचं नाही. कुणीही येऊ दे, काहीही सांगू दे."

"शपथ आहे मला," ताई म्हणाल्या. त्या बिचाऱ्याही रडत होत्या. "फक्त आईकडे देईन. फॉर्मवरचा फोटो बघूनच देईन."

मग मी लॅपटॉप उघडला.

पहिल्या चौकटीत, 'आई' या नात्यापुढे, अंबाड्याची बाई होती.

तिसऱ्या चौकटीत 'मावशी' लिहिलं होतं. फोनच्या जागी सगळी शून्यं. फोटोच्या जागी राखाडी आकृती, आणि तिचे केस खांद्यापर्यंत कापलेले होते.