वल्ह्याला लावलेला कान

किनाऱ्यावर आता आईच्या पोटातून आणलेले कान कुणाचेच उरले नव्हते. यंत्रांच्या गोंगाटाने ते विशीतच निकामी होत. मग कृत्रिम कान बसवत आणि त्यात कर्णतंत्र भरत. कर्णतंत्र म्हणजे कानाचा कारभारी. कुठला आवाज आत घ्यायचा, कुठला दारातूनच परत पाठवायचा, ते तो ठरवी. दरसाल त्याची नवी आवृत्ती येई. ती कुणी माणूस लिहीत नसे. कोट्यवधी कानांच्या वापरातून ती आपोआप घडे, आणि ज्याची गरज थोड्यांनाच, तो आवाज माणसाच्या शेपटीसारखा झडून जाई.

पोशी तांडेलच्या कानात मात्र फार जुने तंत्र होते.

"मावशी, परवापासून वादळाची सूचना नव्या तंत्रातच ऐकू येणार," होडीत बसलेली डॉ. विभा नागवकर पुन्हा सांगत होती. कर्णतंत्र संस्थेने तिला पोशीला राजी करायला धाडले होते. "तुम्ही एकट्या समुद्रात असता. जीव जाईल."

"आन् नवं घातलं तर घोळ ऐकू येल का मना?"

"नाही. तो मासा तुमच्याशिवाय कुणी ऐकतच नाही. म्हणून त्याचा आवाज गळला."

"मंग माझं पोट पन गळलं, बोल की!"

पोशीने इंजिन बंद केले, वल्हे पाण्यात खोल सोडले आणि दांड्याला कान लावला. घोळीचा थवा पाण्याखाली घुरघुरतो. तो ऐकून जाळे टाकायचे, ही तिच्या बापाची रीत.

"आली गो! तू पन ऐक."

विभाने कान लावला. काहीच नाही. मासा नाही तर नाही, पण पाणीसुद्धा नाही. लाटा फळीवर फुटत होत्या, मुक्याने.

"पाण्याचा आवाज कधी गेला?"

"मना इचारतेस? कारभारी तुमचा!"

विभा याच किनाऱ्यावर वाढली होती. समुद्र कुठल्या वर्षी गप्प झाला, तिला आठवेना. गेल्याचे कधी जाणवलेच नव्हते.

"पण वादळ आलं तर?" तिचा आवाज बारीक झाला.

"वादळ आधी पान्याला सांगतं, मंग तुमच्या संस्थेला. जा, सांग सायबांना, पोशीचा कान पोशीचाच र्‍हाईल!"

"मावशी, तुमचं जुनं तंत्र माझ्या कानात..." विभा बोलता बोलता थांबली. नव्या कानात जुने तंत्र बसत नाही, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते?

पोशीने जाळे उचलले. विभाने डोळे मिटले, सारा जीव कानात आणला.

जाळे पाण्यावर पडल्याचे तिला चेहरा भिजल्यावर कळले.