पाच अंशांवर अडलेली रेघ

“काल दुपारी माझ्या आइस्क्रीमचं सरबत झालं,” बेगायिमचा मित्र एल्दोस कुरकुरला, “मग हा फ्रिज एवढा शहाणा कसा?”

बेगायिमने चमकून भिंतीवरच्या टॅबलेटकडे पाहिलं. दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजमधला बिनतारी तापमापक दर पाच मिनिटांनी तापमान क्लाउडवर पाठवायचा आणि इथे, जिल्ह्यात, राजधानीत, सगळीकडे एकच रेघ उमटायची. रेघ दोन ते आठ अंशांमध्ये असली की लसी ठणठणीत; वर गेली की फोनवर इशारा. नर्सबाई सालिका एजेंनी, म्हणजे सालिकाताईंनी, सुट्टी लागताच बेगायिमला ती वाचायला शिकवली होती, आणि तेव्हापासून बेगायिम बाईसाहेब गावभर तज्ज्ञासारख्या मिरवत होत्या.

काल बारा ते पाच वीज नव्हती. गावाची टीव्हीवरची कुस्ती ऐन रंगात असताना बंद पडली. पण रेघ? पाच अंशांवर सपाट! आज एजेंनी दोनदा दार उघडलं, तरी ती जागची हलली नव्हती.

“मेली असेल,” त्यांच्यासोबतची दहा वर्षांची तुमार म्हणाली.

“रेघ मरत नाही गं. पण ती खोटं बोलतेय,” बेगायिम म्हणाली. उद्या दहा वाजता बारा बाळांना लस टोचायची होती. वरच्या कुरणांवरून त्यांच्या आया घोड्यांवर तीन-तीन तास उतरून येणार होत्या. त्या बारांत तिचा दोन महिन्यांचा भाऊ इलिमही होता. लस एकदा तापली की दिसते तशीच, पण आतून नुसतं पाणी!

“एजे, ही रेघ खोटी आहे.”

एजे बाळांची नावं भरत होत्या. “यंत्र कशाला खोटं बोलेल? जिर्गलने बर्फाच्या पिशव्या भरल्या असतील. जा, खेळा.”

फ्रिज आणि जनरेटर सांभाळणारे जिर्गल बायके, म्हणजे जिर्गलदादा, दारातच टेकले होते. “आठवीतली पोर मला फ्रिज शिकवणार! तुझ्या वयात मी शंभर मेंढ्या राखायचो.”

“त्यातल्या किती हरवल्या, बायके?” एल्दोसने विचारलं, आणि तिघं धूम पळाली.

अंगणात बेगायिम थांबली. “विचार करा. विजेशिवाय रात्रंदिवस सारखंच गार काय असतं?”

“आजीचं लोणी,” एल्दोस ताडकन म्हणाला. खाण्याच्या बाबतीत त्याचं डोकं वाऱ्यासारखं चालायचं.

दवाखान्यामागचा झरा! तिघं विलोच्या झाडाखाली पालथी पडली. लोण्याचे डबे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, म्हणजे कुमिसच्या बाटल्या, आणि त्यांच्या मागे घट्ट झाकणाची एक काचेची बरणी. आत एक दगड आणि फ्रिजमधला पांढरा तापमापक!

“चला, एजेंना दाखवू,” तुमार उठली.

“थांब. बायके म्हणतील, पोरांनीच काढला.” बेगायिमचे डोळे चमकले. “आपण त्यांनाच इथे बोलवू. एल्दोस, तू एजेंपाशी जाऊन बस.”

तिने तापमापक बाहेर काढला आणि काखेत धरला. आई गं, काय गार!

टॅबलेटवर रेघ उठली. चौदा. सव्वीस. चौतीस! एजेंचा फोन खणखणला. “एजे, तुमच्या फ्रिजला ताप आलाय का?” जिल्ह्यातून कुणीतरी ओरडत होतं.

त्याच वेळी जिर्गल बायकेंचाही फोन बोंबलला. ते दचकून उठले आणि धावत सुटले. फ्रिजकडे नाही, थेट झऱ्याकडे! एजे आणि एल्दोस त्यांच्या मागोमाग.

झऱ्याकाठी बेगायिम काखेत तापमापक धरून बसली होती. “बायके, फ्रिज तर तिकडे आहे,” ती गोड आवाजात म्हणाली.

बायके तिथेच काठावर टेकले. “दार उघडलं की फोन, वीज गेली की फोन. वैताग आला होता. म्हटलं, झरा कधी तापत नाही. जनरेटरकडे धावणंच सोडलं मी.”

एजेंनी जाऊन फ्रिज उघडला. बर्फाच्या पिशव्यांत कालच्या वितळलेल्या बर्फाचं पाणी डुचमळत होतं. बायकेंवर त्या ओरडल्या नाहीत. “बारा बाळं, जिर्गल,” एवढंच म्हणाल्या. मग बेगायिमकडे वळल्या. “आणि मी तुला खेळायला जा म्हटलं.”

पुढचं काम भराभर झालं. तापमापक फ्रिजमध्ये परत गेला. शिल्लक लसी कुठे आहेत ते जिल्ह्यातल्या माणसाला क्लाउडवर बसल्या जागी दिसलं. घाटापलीकडच्या भांडारातून पहाटे गाडी निघणार होती. नावं भरलेलीच होती, त्यामुळे बाराही आयांच्या फोनवर संदेश गेला: दहा नको, दुपारी दोनला या. एकीचाही हेलपाटा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दोनला अंगणात घोडेच घोडे! सुई टोचताच इलिमने असा टाहो फोडला की घोडे बिचकले. “याला कुस्तीत घाला,” एल्दोस म्हणाला.

मग गावातले सगळ्यांत वडीलधारे कुबात आजोबांनी दोन्ही तळवे उघडून तिघांना आशीर्वाद दिला, “तुमचे डोळे असेच उघडे राहोत, पोरांनो. आम्हा म्हाताऱ्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं, ते तुम्ही धरलंत.” बेगायिमची मान ताठ झाली.

तेवढ्यात एजेंनी पुढची लस काढायला दार उघडलं. भिंतीवरची रेघ टुणकन वर उडाली. बायकेंच्या खिशात फोन वाजला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. जिर्गल बायके केव्हाच फ्रिजकडे धावत सुटले होते.