झटक्याचा रस्ता

दिवसभर मेंदूच्या रेघा बघायच्या, म्हणून सगळं हॉस्पिटल तिला रेघाताई म्हणायचं. बावीस वर्षांत आपल्या हातून एक तार चुकली नाही, याचा तिला जरा जास्तच तोरा होता. त्या दुपारी तो उतरला.

आठ नंबरच्या खोलीतली पेशंट टेलिफोन ऑपरेटर होती; तिच्या डोक्यात चाळीस बारीक तारा बसवल्या होत्या. फिटचा झटका कुठून उठतो, कोणत्या जोडणीवरून पसरतो, हे पाहून मोठे डॉक्टर उद्या ती जोडणी तोडणार होते. आणि आत्ता रेघाताईला दिसलं, की बारा आणि एकवीस नंबरच्या तारांच्या पिना मशीनला एकमेकींच्या जागी लागल्यात. स्कॅनसाठी तारा मशीनमधून काढून परत लावताना कधीतरी झालं असावं. कोणत्या वेळी, ते सांगता येईना. म्हणजे आधीच्या तिन्ही झटक्यांच्या नोंदी बाद. चुकीच्या जागी कापलं असतं, तर बाईची वाचा गेली असती.

तिने पिना बदलल्या आणि डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं.

"संध्याकाळपर्यंत एक झटका मिळाला तर ठीक. नाहीतर पुढची तारीख सहा महिन्यांनी," ते म्हणाले.

ऑपरेटर ऐकत होती. तिची मुलगी दोन वर्षांची. झटक्यात हातून पडेल, म्हणून घरचे तिला मुलीला उचलूच देत नव्हते.

"साडेचारला चालेल का?" तिने विचारलं.

"काय?"

"झटका. लावून देते. हळू जा म्हणते, म्हणजे तुम्हाला नीट बघता येईल."

रेघाताई हसली.

साडेचारला सातवी रेघ उठली.

नर्सने बाईला कुशीवर वळवलं. एरवी चार सेकंदांत सगळ्या रेघा पिसाळायच्या. आज झटका पत्ता विचारत निघाल्यासारखा प्रत्येक ठिकाणी थांबत होता. सात. बारा. एकवीस. तीस. एवढ्याशा डोक्यात इतक्या गल्ल्या, आणि त्याला प्रत्येक वळण पाठ! रेघाताई भीती विसरून बघत राहिली.

"काय देखणी चीज आहे हो ही!" मोठे डॉक्टर पुटपुटले.

ऑपरेशन छान झालं. चौथ्या दिवशी बाई मुलीला मांडीवर घेऊन घडाघडा बोलत होती. रेघाताईचे डोळे भरून आले.

"ताई, लाइन तोडल्यावर तो झटका कुठे जातो?" बाईने विचारलं.

"कुठे जाणार? संपतो."

"आमच्या बोर्डावर तसं नसतं. कॉल दुसरी लाइन शोधतो." तिने मुलीचे केस सारखे केले. "हिचा नंबर मी त्याला दिला नाही."

रेघाताई हसली, पण जरा उशिरा.

खाली येऊन तिने धुतलेल्या तारा मोजून डब्यात भरल्या. मशीन चालूच राहिलं होतं. एकही तार जोडलेली नव्हती.

सातवी रेघ उठली.

मग बारावी. तिथे, जोडणी तोडली होती तिथे, ती बराच वेळ थरथरत राहिली.

मग सगळं शांत झालं.

सुटले बाई, म्हणत तिने मशीन बंद करायला हात पुढे केला. बटण दाबता येईना.

पडद्यावर चाळीसच्या चाळीस रेघा सरळ होत्या. तिचा उजवा अंगठा एका लयीत उडत होता.