शेकोटीत टाकलेलं नाव

उद्याच्या शेकोटीसाठी ढलप्या कमी पडत होत्या, म्हणून छावणीत मुलांना सांभाळणारे बेगाइम आणि इल्याज जेवणं आटोपल्यावर ओरोज अतांच्या लाकडांच्या खोपटात आले. सगळ्यांचे अता, म्हणजे बाबा, छावणीचे जुने ड्रायव्हर. गुडघ्यांनी गाडी सोडायला लावली होती, कुऱ्हाड मात्र अजून त्यांच्याचकडे होती.

“अता, थोड्या ढलप्या काढून द्या. तळहाताएवढ्या. पातळ.”

“चूल पेटवायला?”

“छे हो, मुलं त्यावर लिहिणार.” बेगाइमची ही पहिलीच छावणी, त्यामुळे उत्साह उतू चालला होता. “जे कायमचं मागे टाकायचं असेल ते लिहायचं. राग, भीती, खोटं बोलायची खोड. आणि द्यायचं शेकोटीत टाकून. हा इल्याज आळस लिहिणार आहे.”

“मग ढलपीनं काय होतंय? ओंडकाच लागेल त्याला,” अता म्हणाले.

इल्याज खो खो हसला. अतांनी मात्र कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली.

“ही कल्पना कोणाची?”

“इंटरनेटवर सापडली.”

“इंटरनेटवर होय...” अतांनी किटली शेगडीवर चढवली. “बसा. आधी एक ऐका, मग हव्या तेवढ्या ढलप्या काढून देतो. घडलं ते काइसुच्या बाबतीत, पण गाडी मी चालवत होतो.”

खालच्या अंगाला तळ्याचं पाणी काठावर चुबकत होतं. अता सांगू लागले.

काइसु आणि तिचा नवरा तापानी फिनलंडचे. दोघं देवाची माणसं, चर्चनं पाठवलेली. लहानपणापासून तिकडच्या तळ्याकाठच्या छावण्यांतच वाढलेली. इसिक-कुल तळ्याच्या या काठावर त्यांनी चार उन्हाळे काढले, हिवाळ्यात गावातच राहायची. मुलांना पोहायला, होडी वल्हवायला, तंबू ठोकायला शिकवलं. जेवताना एखाद्या पोरानं बिस्मिल्ला म्हटलं की तापानी खुशाल त्यावर आमेन म्हणून वाढायला घ्यायचा. गावातल्या म्हाताऱ्यांनी आधी कुरकुर केली, पण पोरं पोहायला शिकून घरी येताहेत म्हटल्यावर तीही थांबली.

आपली नावं तापानीच्या जिभेवर बसायची नाहीत. म्हणून छावणीत प्रत्येक मूल एका पक्ष्याचं नाव घ्यायचं. कोणी घार, कोणी बगळा. बुरुलच्या मुलीनं पाकोळी घेतलं होतं.

दहा वर्षांची पोर. तिच्याआधी बुरुलची तीन मुलं वर्षाच्या आत गेली होती. अशा घरी आपण जसं नाव ठेवतो तसंच तिचं ठेवलेलं. मुलाला धरून ठेवणारं, ‘थांब’ अशा अर्थाचं नाव. शाळेतली कार्टी त्यावरून तिला चिडवायची: “थांब गं, थांब, निघालीस की काय वर?” नाव तिला नकोसं झालं होतं.

दोन हजार सोळा सालचा जुलै. सव्वीस तारखेला, मंगळवारी, शेकोटी झाली. सगळ्यांनी ढलप्या टाकल्या. ती पोर धावत आली आणि काइसुच्या कमरेला बिलगली.

“एजे, मी माझं नाव टाकलं! आता मी नुसती पाकोळी!”

मुलं काइसुला ‘एजे’ म्हणायची, थोरली बहीण म्हणून. काइसुला भरून आलं. तिच्या धर्मात नवं नाव मिळणं म्हणजे नवा जन्म मिळणं. तिनं पोरीच्या केसांचा मुका घेतला आणि तिला सगळ्यांपुढे उभं केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारनंतर काइसु नान आणि साय आणायला गावात गेली. गाडी अतांची. बुरुल तंदूरवर वाकून नान काढत होती.

“काय म्हणते आमची लेक? त्रास देत नाही ना?”

“त्रास? अहो, काल तर तिनं कमाल केली!” आणि काइसुनं कौतुकानं सगळं सांगितलं.

बुरुलचा हात तंदूरमध्येच थांबला. नान करपल्याचा वास सुटला.

“काय टाकलं म्हणालात?”

“नाव. म्हणजे... खेळ असतो तो, बुरुल.”

“तुम्ही तिथे होतात? तुमच्यादेखत?”

“मला वाटलं...”

“अंधार पडायच्या आत तिला तिच्या नावानं हाक मारायला हवी.” बुरुलनं हातांचं पीठ झटकलं आणि तशीच अनवाणी गाडीत येऊन बसली. “ओरोज अता, चला. दुसऱ्या कोणी हाक मारायच्या आत.”

“दुसरं कोण मारणार?” काइसुनं विचारलं.

“ज्यानं तिघांना नेलं तो.”

छावणीच्या अलीकडचा ओढा उन्हाळ्यात संध्याकाळी चढतो. दिवसभर वर बर्फ वितळतं, ते पाणी तेव्हा खाली पोचतं. त्या दिवशी धोंडे गडगडत येत होते. गाडी घालणं शक्य नव्हतं. बुरुल पाण्यात उतरू लागली, तिला अतांनी दंडाला धरून मागे ओढलं. पलीकडे छावणीचे तंबू दिसत होते. सूर्य डोंगराला टेकला होता.

तेवढ्यात काइसुचा फोन लागला. देव पावला, असं तिला वाटलं.

“तापानी, ऐक. पाकोळीला तिच्या खऱ्या नावानं हाक मार. आत्ताच्या आत्ता. मोठ्यानं.”

“मारतो की,” तापानी म्हणाला. “काय गं नाव तिचं?”

काइसुनं तोंड उघडलं.

हिवाळाभर तिनं या पोरीच्या घरी चहा घेतला होता. ते नाव शंभरदा उच्चारलं होतं. पण जिभेवर काही आलं नाही. तिनं फोन बुरुलपुढे धरला. “तुम्ही सांगा त्याला.”

बुरुलनं फोन घेतला. श्वास घेतला. ओठ हलले.

आवाज आला नाही.

तिनं पुन्हा श्वास घेतला. मग ती अतांकडे बघू लागली. तान्ही असल्यापासून अतांनी त्या पोरीला खांद्यावर खेळवलं होतं. अतांनी मान खाली घातली.

“हॅलो?” तापानी पलीकडून म्हणत होता. “हॅलो? कोणतं नाव?”

सूर्य बुडाला.

ओढा उतरला तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आले होते. पोर तंबूत झोपलेली होती, अंगात हिरवा स्वेटर, श्वास नीट चाललेला. बुरुलनं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांचा विळखा घातला. काइसु चिकटून बसली, पोरीचा पाय हातात धरून. तापानी गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत होता. अता दाराशी.

“आपल्याला आठवत नसलं तरी त्याला आठवतंय,” तापानी बुरुलला म्हणाला. “देवाला प्रत्येकाचं नाव ठाऊक असतं.”

“मग त्याला म्हणावं, मार हाक,” बुरुल म्हणाली. “मोठ्यानं मार.”

तापानीचे डोळे भरून आले. तो पुन्हा प्रार्थनेला लागला.

मध्यरात्र उलटली. डोंगरामागून अर्धा चंद्र वर आला. वारा पडला. तळ्याचा आवाज बंद झाला.

मग काठाकडून हाक आली.

“पाकोळी...”

बाईचा आवाज. प्रेमळ. थोडा परदेशी. शेवटचं अक्षर लांबवणारा... रोज सकाळी मुलांना उठवताना काइसु लांबवायची, अगदी तसा.

तापानीनं मान वर करून बायकोकडे पाहिलं. काइसु तिथेच बसली होती. ओठ घट्ट मिटलेले.

“पाकोळी...”

पोरीनं डोळे उघडले नाहीत. झोपेतच हसली.

“आले, एजे.”

“मी इथे आहे!” काइसु किंचाळली. “अगं, मी इथे आहे, ती मी नाही!”

पोर ऐकत नव्हती. तापानी विजेरी घेऊन बाहेर धावला. काठ मोकळा. वाळू सपाट. पाणी स्थिर.

“थांब,” बुरुल म्हणाली. तिच्याकडे तेवढाच शब्द उरला होता. “थांब, बाळा. थांब. थांब...”

पोर उठली नाही. तिनं झटापटही केली नाही. फक्त काइसुच्या हातातला पाय हलका होत गेला. हलका... आणखी हलका... आधी कणकेच्या गोळ्याएवढा, मग कापसाएवढा... काइसुनं मूठ आवळली.

तिसरी हाक आली नाही.

उजाडलं तेव्हा बुरुल तशीच बसलेली होती. विळखा तसाच. विळख्यात हिरवा स्वेटर. बटणं लावलेली.

पाणबुडे आले, पोलीस आले, आठवडाभर तळं चाळलं. पोर मिळाली नाही. तापानी रोज काठावर जाऊन देवाशी बोलायचा. पुढे पुढे नुसता बसायचा. कोणी त्यांना दोष दिला नाही. बुरुलनंही नाही. काइसुला तेच सोसवेना. शरदाच्या सुरुवातीला अतांनीच त्या दोघांना विमानतळावर पोचवलं.

अता थांबले. किटली केव्हाची उकळत होती. कोणी उठलं नाही.

“पण अता,” बेगाइमनं विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

अतांनी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. ओठ हलले...

इल्याज पुढे सरकला. “असली नावं असून असून किती असतात? तुर्सुन? तोक्तोबुबु? तुर्दु?”

अता प्रत्येक नावाला मान हलवत राहिले. नाही. नाही. नाही.

“गावाच्या दफ्तरात असेल की!”

“आहे ना. बोट ठेवून वाचतो आम्ही. बोट उचललं की गेलं.”

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली.

“त्या सकाळी काइसु शेकोटीची राख बोटांनी चाळत बसली होती. सगळ्या ढलप्यांची राख झालेली, ही एक सापडली. विमानतळावर माझ्या हातात दिली. म्हणाली, अता, ही इथलीच आहे, मला नेता येत नाही.”

बेगाइमनं हात पुढे केला. पॉप्लरची तळहाताएवढी ढलपी. कडा जळलेल्या. मध्ये कोरी, एक अक्षर नाही.

“उन्हाळाभर गाडीच्या काचेशी वाळत ठेवली,” अता म्हणाले. “हिवाळाभर या शेगडीवर. अजूनही ठेवतो.”

बेगाइमनं ढलपी झटकन परत दिली आणि तळहात कोटाला पुसला. मग तो दिव्यापाशी धरून पाहिला. पुन्हा पुसला.

तळहात ओलाच होता.